फॉलस्टाफच्या आधीचा सर जॉन

१४ डिसेंबर १४१७ रोजी लंडनच्या वेशीबाहेर, सेंट जाइल्सच्या मैदानात एका सरदाराला साखळ्यांनी टांगण्यात आले आणि खाली जाळ करण्यात आला. माणसाबरोबर फाशीचा खांबही जळाला. राजद्रोह्याला फास आणि पाखंड्याला अग्नी अशी तेव्हाची रीत होती. त्याच्यावर दोन्ही गुन्हे शाबीत धरलेले असल्याने दोन्ही शिक्षा एकदमच दिल्या गेल्या. त्याचे नाव सर जॉन ओल्डकॅसल. यानंतर सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी त्याच शहरातल्या रंगभूमीवर हेच नाव धारण करून एक ढेरपोट्या म्हातारा सरदार अवतरला. तो मद्याचा शौकीन होता, थापाड्या होता, उधारी बुडवणारा होता आणि लढाईत मेल्याचे सोंग घेऊन पडून राहणारा होता. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. लवकरच ते नाव बदलावे लागले आणि म्हाताऱ्याचा फॉलस्टाफ झाला.

शेक्सपिअर वाचणाऱ्या मराठी वाचकाला फॉलस्टाफची ओळख करून द्यावी लागत नाही. ओल्डकॅसल मात्र ‘चौथा हेन्री’च्या आवृत्त्यांत पानाच्या तळाशी बारीक टाइपात राहून गेला. हे पुस्तक त्या बारीक टाइपातल्या माणसाविषयी आहे. त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यातून काहीतरी हवे होते. राजाच्या कारकुनाला त्यात वाट चुकलेला शिपाईगडी दिसला, मठातल्या बखरकाराला सैतानाचा हस्तक, प्रॉटेस्टंटांना हुतात्मा आणि नाटककारांना विदूषक. या सगळ्या गर्दीत एक साधी गोष्ट मागे पडली आणि माझ्या मते तीच त्याची खरी ओळख आहे: ओल्डकॅसल हा वाचणारा शिपाई होता. आपल्या भाषेत धर्मग्रंथ वाचावा आणि वाचून आपले मत आपण बनवावे, हा हक्क तलवार बाळगणाऱ्या एका गृहस्थाने स्वतःकडे घेतला. त्याच्या चरित्रातले सारे यश-अपयश तिथून सुरू होते.

तो मूळचा हेरफर्डशरमधल्या आल्मली गावचा. वेल्सच्या सरहद्दीवरचा हा मुलूख. तिथल्या लहान जमीनदारांची भिस्त शेतसाऱ्यावर होती तितकीच तलवारीवरही होती. १४०० मध्ये चौथ्या हेन्रीने स्कॉटलंडवर स्वारी केली, तिच्यात ओल्डकॅसल होता. त्याच वर्षी वेल्समध्ये ओवेन ग्लिनडूरने बंड पुकारले आणि पुढे कित्येक वर्षे ओल्डकॅसल सरहद्दीवरचे किल्ले राखण्यात गुंतून गेला. या मोहिमांत कोवळ्या वयाचा युवराज हेन्रीही होता. दोघांचा स्नेह जमला तो तंबूत आणि तटावर. लंडनच्या गुत्त्यात रंगलेली मैत्री ही नाटकातली. १४०४ मध्ये ओल्डकॅसल आपल्या परगण्याचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात गेला, पुढे शेरीफही झाला. १४०८ मध्ये त्याने केंटमधल्या कोबम घराण्याची वारस जोन हिच्याशी लग्न केले. जोन आधीच्या लग्नांतून विधवा झालेली, श्रीमंत बाई होती. या लग्नाने सरहद्दीवरचा हा सरदार कूलिंगच्या किल्ल्याचा धनी आणि लॉर्ड कोबम झाला. १४११ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकच्या मदतीला जी इंग्रज फौज फ्रान्सला गेली, तिच्या म्होरक्यांत तो होता. म्हणजे चाळिशीच्या आसपास राजाच्या मर्जीतल्या माणसाला जे मिळायचे, ते सगळे त्याला मिळालेले होते.

आणि याच काळात तो लोलार्डांचा आश्रयदाता होता. लोलार्ड म्हणजे ऑक्सफर्डचा पंडित जॉन वायक्लिफ याच्या विचाराने चालणारे लोक. वायक्लिफ १३८४ मध्ये वारला. पण त्याच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले आणि त्याच्या हस्तलिखित प्रती विणकरांच्या, सुतारांच्या, गावोगावच्या कारागिरांच्या हाती पोचल्या. छापखाना अजून यायचा होता. अशी एक प्रत म्हणजे कुणाच्या तरी कित्येक महिन्यांचे श्रम. धर्मसत्तेला धाक वाटला तो या प्रतींचाच. १४०१ मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. मग आर्चबिशप टॉमस आरंडेलने परवानगीशिवाय बायबलचे भाषांतर करण्यावर आणि वाचण्यावर बंदी घातली. १४१० मध्ये जॉन बॅडबी नावाच्या कारागिराला लंडनमध्ये स्मिथफील्डला जाळले, तेव्हा युवराज हेन्री स्वतः हजर होता. बॅडबीच्या किंकाळ्या ऐकून युवराजाने जाळ बाजूला ओढायला लावला आणि मत सोडलेस तर जन्मभर रोज तीन पेन्स देईन असे त्याला सांगितले. अर्धवट भाजलेल्या बॅडबीने नकार दिला. आग पुन्हा लावली गेली. युवराजाच्या स्वभावातली दया आणि तिची मर्यादा, दोन्ही या प्रसंगात दिसतात. तीन वर्षांनी ओल्डकॅसलच्या वाट्याला तीच दया आणि तीच मर्यादा यायची होती.

त्याच १४१० मधली आणखी एक हकीकत इथे सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा थेट शेक्सपिअरपर्यंत जातो. ओल्डकॅसलच्या आश्रयाने राहणारा एक धर्मोपदेशक कूलिंग आणि आसपासच्या चर्चमध्ये विनापरवाना प्रवचने करतो, म्हणून आरंडेलने तिथले धार्मिक विधी बंद पाडले. पण ओल्डकॅसलच्या सावत्र मुलीचे लग्न ठरलेले होते. लॉर्डच्या घरचे कार्य अडू नये म्हणून ती बंदी उठवण्यात आली आणि जोनच्या या मुलीचे लग्न ब्रुक घराण्यात झाले. कोबमची सरदारकी पुढे या ब्रुकांकडे गेली. आपल्या पूर्वजाचे नाव विदूषकाला दिलेले शेक्सपिअरच्या काळी ज्यांना खपले नाही, ते हेच ब्रुक. ओल्डकॅसलच्या रक्ताचे ते नव्हते. नाते होते ते या लग्नाचे आणि सरदारकीचे.

१४१३ मध्ये युवराज पाचवा हेन्री म्हणून गादीवर आला. थोड्याच दिवसांत लंडनमध्ये पॅटरनॉस्टर रोवरच्या एका पोथ्या रंगवणाऱ्या कारागिराच्या दुकानात ओल्डकॅसलच्या मालकीची काही पाखंडी टिपणे सापडली. राजासमोर त्यांतला मजकूर वाचून दाखवण्यात आला. असे भयंकर लिखाण मी आजवर ऐकले नाही, अशा अर्थाचे राजा बोलला. ओल्डकॅसलने आपण त्यातली दोन पाने जेमतेम पाहिल्याचे सांगितले. मला हे दुकान फार मोलाचे वाटते. रंगवायला दिलेली पोथी म्हणजे मालकाला जपून ठेवायची असलेली, सजवावीशी वाटलेली पोथी. ज्याची जिंदगी घोड्यावर गेली, तो आपल्या टिपणांना रंग आणि सोने लावून घेत होता, ही गोष्ट त्याच्याविषयी बखरींपेक्षा जास्त सांगून जाते.

राजाने त्याला एकांतात समजावून पाहिले. मी तुमचा आज्ञाधारक आहे, पण पोपचा नाही, या भूमिकेवरून तो हटला नाही. सप्टेंबरात खटला उभा राहिला. ओल्डकॅसलने आपली श्रद्धा काय आहे ते कागदावर लिहून दिले, आणि ते इंग्रजीत लिहून दिले. लॅटिन चालणाऱ्या न्यायासनापुढे हा कागद ठेवणे हेच अर्धे उत्तर होते. अभिषेकानंतर भाकर भाकरच उरते का, धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिलीच पाहिजे का, मूर्तींना आणि क्रूसाला नमन करावे की नाही, असे प्रश्न आले. क्रूसाविषयीच्या प्रश्नावर त्याने दोन्ही हात पसरले आणि देवाने घडवलेला हा क्रूस तुमच्या लाकडी क्रूसाहून श्रेष्ठ आहे असे उत्तर दिले, अशी हकीकत हुतात्म्यांच्या चरित्रांत येते. शेवटी त्याचा संयम सुटला आणि पोप हे ख्रिस्तविरोध्याचे डोके, बिशप हे अवयव आणि भिक्षू हे शेपूट, असे तो सर्वांसमक्ष बोलला. पाखंडी ठरवून त्याला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवण्यात आले. राजाने मन वळवण्यासाठी चाळीस दिवसांची मुदत दिली. ती संपायच्या आत, ऑक्टोबरात, तो तिथून निसटला.

इथून पुढच्या ओल्डकॅसलचे समर्थन मला करता येत नाही. लपून बसलेल्या जागेवरून त्याने राजालाच पकडण्याचा बेत रचला. नाताळानंतरच्या बाराव्या दिवशी एल्टमच्या वाड्यात खेळ्यांची सोंगे घेऊन शिरायचे, आणि लगोलग सेंट जाइल्सच्या मैदानात देशभरातून लोक जमवायचे असे ठरले. फितुरी झाली. ९ जानेवारी १४१४ च्या रात्री राजाने शहराचे दरवाजे बंद करवले आणि फौज घेऊन तो मैदानातच वाट पाहत राहिला. ब्रिस्टलहून, लेस्टरशरहून कडाक्याच्या थंडीत चालत आलेले विणकर आणि सुतार अंधारात राजाच्या छावणीलाच आपली छावणी समजून तिच्यात जाऊन सापडले. बखरकारांनी हजारोंच्या गोष्टी केल्या. सरकारी कागदांवरून जमलेले लोक काही शेच दिसतात. त्यांतल्या चाळिसेक जणांना फाशी झाली, काहींना जाळलेही. डन्स्टेबलचा एक मद्य गाळणारा श्रीमंत गृहस्थ, विल्यम मर्ल, दोन उमदे घोडे घेऊन आला होता. बंड फत्ते झाले की आपल्याला सरदारकी मिळेल या आशेने त्याने सोन्याचा मुलामा दिलेल्या टाचा, म्हणजे सरदाराचे मानचिन्ह, छातीशी लपवून आणल्या होत्या. त्याला त्या टाचांसकट फासावर चढवले, असे टॉमस वॉल्सिंगहॅमने लिहिले आहे. वॉल्सिंगहॅम मठवासी होता आणि लोलार्डांचा कट्टर शत्रू, हे ध्यानात ठेवूनही तो तपशील मनातून जात नाही. पोथी वाचण्याचा हक्क मागणाऱ्या माणसाने ज्यांना बोलावले, त्यांतले बहुतेक त्याच्या आधी मेले. तो स्वतः पळाला आणि जवळजवळ चार वर्षे लपून राहिला. १४१७ च्या अखेरीस वेल्सच्या सरहद्दीवर पोविसच्या मुलखात तो पकडला गेला तेव्हा झटापटीत इतका जखमी झाला होता की त्याला डोलीत घालून लंडनला आणावे लागले. मरताना त्याने सर टॉमस अर्पिंगहॅमला, मी तिसऱ्या दिवशी उठलो तर माझ्या लोकांना अभय दे, असे सांगितल्याची वॉल्सिंगहॅमची बखर आहे. शत्रूने त्याला वेडा ठरवण्यासाठी लिहिलेली ही गोष्ट असावी. हाच अर्पिंगहॅम शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात ॲजिनकोर्टच्या लढाईआधी राजाला आपला झगा देतो.

साहित्यात ओल्डकॅसल आला तो जिवंतपणीच. १४१५ च्या उन्हाळ्यात राजा फ्रान्सवर निघाला असताना, राजमुद्रेच्या कचेरीतला कारकून आणि कवी टॉमस हॉक्लीव्ह याने फरारी ओल्डकॅसलला उद्देशून एक लांबलचक कविता रचली. तीत राग आहे, पण जिव्हाळाही आहे. तू असा कसा बहकलास, तुझी जागा राजाच्या पाठीशी फ्रान्समध्ये आहे, असे तो त्याला विनवतो. त्यातला सल्ला फार बोलका आहे: बायबल सोडून दे, वाचायचेच असेल तर लान्सलॉटच्या कथा वाच, व्हेजेशियसचे युद्धशास्त्र वाच, ट्रॉयच्या आणि थीब्जच्या वेढ्याच्या गोष्टी वाच. शिपायाला शोभेल ते वाचन कर. ओल्डकॅसलच्या गुन्ह्याचे मूळ त्याच्या वाचनात आहे, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्या कारकुनालाही कळलेले होते. ही कविता वाचल्याशिवाय पुढचा फॉलस्टाफ पुरता कळत नाही असे माझे मत आहे.

मग शंभर वर्षांहून अधिक काळ तो बखरींत पाखंडी म्हणून पडून राहिला. वारे फिरले ते धर्मसुधारणेच्या काळात. त्याच्या तपासणीचा वृत्तान्त १५३० मध्ये अँटवर्पला छापून निघाला आणि १५४४ मध्ये परागंदा झालेल्या जॉन बेलने त्याचे चरित्र लिहिले. गंमत अशी की बेलची बरीचशी भिस्त लोलार्डांच्या विरोधकांनी जमवलेल्या कागदांवर होती. आरंडेलने पाखंडाचा पुरावा म्हणून जपलेली उत्तरे बेलच्या हातात हुतात्म्याची वचने झाली. जॉन फॉक्सने १५६३ च्या आपल्या प्रचंड ग्रंथात त्याला मानाचे पान दिले. साखळ्यांनी आडवा टांगलेला, खाली ज्वाळा असलेला ओल्डकॅसल तिथे चित्रातही आहे. कॅथलिक पंडितांनी विचारले, हा तर राजावर उठलेला बंडखोर, हुतात्मा कसला? फॉक्सने पुढच्या आवृत्तीत पानेच्या पाने खर्चून बंड झालेच नव्हते असे सिद्ध करायचा प्रयत्न केला. फॉक्सचे प्रेम खरे होते, पण या वकिलीत सेंट जाइल्सला फासावर गेलेली माणसे नाहीशी झाली.

एकीकडे हा हुतात्मा घराघरांत वाचला जात होता, दुसरीकडे रंगभूमीवर वेगळाच ओल्डकॅसल फिरत होता. १५८० च्या दशकातल्या पाचव्या हेन्रीवरच्या एका निनावी नाटकात तो उडाणटप्पू युवराजाच्या टोळीतला एक सामान्य साथीदार आहे. युवराजाचा मित्र, पुढे राजाने दूर केलेला, एवढीच आठवण उरली होती आणि तीत वाईट संगतीचा रंग भरला गेला होता. शेक्सपिअरने हे नाटक हाताशी घेतले आणि १५९६-९७ च्या सुमारास ‘चौथा हेन्री’चा पहिला भाग लिहिला, तेव्हा नाव तसेच उचलले. नेमक्या त्याच काळात, ऑगस्ट १५९६ ते मार्च १५९७, विल्यम ब्रुक, लॉर्ड कोबम हा राणीचा लॉर्ड चेंबरलेन होता. नाटकांना मंजुरी देणारा अधिकारी त्याच्या हाताखालचा. नाव बदलले. दुसऱ्या भागाच्या अखेरच्या निवेदनात, ओल्डकॅसल हुतात्मा होऊन मेला आणि आमचा माणूस तो नव्हे, अशी जाहीर कबुलीही द्यावी लागली. तरी खुणा राहिल्याच. पहिल्या भागात युवराज म्हाताऱ्याला हाक मारताना किल्ल्यावर कोटी करतो, ती आता निराधार लोंबकळते. १६०० मध्ये छापलेल्या दुसऱ्या भागात एका संवादापुढे फॉलस्टाफऐवजी जुन्या नावाची आद्याक्षरे चुकून राहून गेली.

शेक्सपिअरला ओल्डकॅसलची टवाळी करायची होती की फक्त हाती आलेले नाव वापरायचे होते, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. मला वाटते, नाव हाती आले, पण एकदा आल्यावर त्याने त्या नावातले सगळे जाणून वापरले. फॉलस्टाफ हा शेक्सपिअरच्या पात्रांमध्ये बायबलच्या दाखल्यांनी सर्वांत जास्त भरलेला बोलणारा आहे. चोरीचे समर्थनसुद्धा तो धर्मोपदेशकाच्या भाषेत करतो, उद्यापासून सुधारण्याच्या शपथा घेतो, उधळ्या पुत्राची आणि लाझरसची उपमा सहज ओठांवर आणतो. हॉक्लीव्हने ज्याला बायबल सोड म्हणून विनवले, त्याचा नाटकातला वारस बायबल कधीच सोडत नाही. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी राज्याभिषेक झालेला हेन्री त्याला भर रस्त्यात ओळख नाकारतो, तो प्रसंग इतिहासात असा घडलेला नाही. पण तरुण राजाने जुन्या सोबत्याला दिलेली मुदत आणि मग केलेला त्याग, याची सावली त्यावर स्पष्ट आहे. तिथे हसू थांबते. ओल्डकॅसल माहीत असलेल्या प्रेक्षकाला ते अधिक लवकर थांबत असणार.

ब्रुकांच्या बाजूने, किंवा निदान हुतात्म्याच्या बाजूने, उत्तर आले १५९९ मध्ये. प्रतिस्पर्धी नाटक मंडळीचा व्यवस्थापक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत मंडे, ड्रेटन, विल्सन आणि हॅथवे या चौघांना सर जॉन ओल्डकॅसलच्या नाटकासाठी दहा पौंड दिल्याची नोंद आहे. पहिला प्रयोग झाल्यावर खूश होऊन दहा शिलिंगांचे बक्षीसही दिले आहे. आमचा नायक खादाड नाही की तरुणाला बिघडवणारा म्हातारा नाही, हे या नाटकाच्या नांदीतच बजावले आहे. त्यातला ओल्डकॅसल राजनिष्ठ, सोशिक आणि बंडाशी संबंध नसलेला आहे. पण विनोदाशिवाय प्रेक्षक बसेना म्हणून लेखकांनी एक लुटारू, बाईलवेडा धर्मगुरू घातला, आणि नाटकात जीव आहे तो त्याच्यातच. पुढे १६१९ मध्ये हेच नाटक मुखपृष्ठावर शेक्सपिअरचे नाव घालून छापले गेले, आणि १६६४ मध्ये शेक्सपिअरच्या समग्र नाटकांतही शिरले. फॉलस्टाफचे खंडन करण्यासाठी लिहिलेले नाटक काही पिढ्यांनी फॉलस्टाफच्या जनकाचे म्हणून वाचले.

त्यानंतर ओल्डकॅसलला साहित्यात मोठी जागा मिळाली नाही. टेनिसनने १८८० मध्ये वेल्सच्या डोंगरांत लपलेल्या ओल्डकॅसलच्या तोंडी एक स्वगत लिहिले. त्यात फाटक्या अवस्थेतला, भुकेला, तरी युक्तिवाद न सोडणारा माणूस आहे. मला ते बेलच्या हुतात्म्यापेक्षा खरे वाटते. फॉलस्टाफ मात्र व्हर्दीच्या ऑपेरात गेला, ऑर्सन वेल्सच्या चित्रपटात गेला, जगाचा झाला.

१९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या संपादकांनी ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात फॉलस्टाफ काढून पुन्हा ओल्डकॅसल छापले. नाव दबावाखाली बदलले होते, म्हणून मूळचे परत आणले, हा त्यांचा विचार. त्यांचा अभ्यास मोठा आहे, पण निर्णय मला पटत नाही. फॉलस्टाफ हे नाव घेऊन ते पात्र आणखी दोन नाटकांत वाढले, आणि शेक्सपिअरने ते नाव शेवटपर्यंत आपले मानले. जाळून मारलेल्या माणसाचे नाव पुन्हा त्याच्या टवाळीवर लावल्याने त्या माणसाला न्याय मिळत नाही. म्हणून पुढील प्रकरणांत नाटकातल्या पात्राला सगळीकडे फॉलस्टाफच म्हटले आहे, आणि ओल्डकॅसल हे नाव आल्मलीच्या सरदारासाठी राखून ठेवले आहे. वाचकाने आधी त्याचा खटला वाचावा, मग हॉक्लीव्हची कविता, आणि त्यानंतर नाटकांकडे वळावे, अशी प्रकरणांची मांडणी केली आहे.